तंबूवरचा नमदा

बाबांच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी आटोपून मी कोचकोर गावच्या थांब्यावर मिनीबसची वाट पाहत होते. शेजारी पाहुणेघर चालवणारी एक म्हातारी आणि तिची भाची मोबाइलवर वाकल्या होत्या.

"मावशी, वेबसाइटचं रूप बदलू या."

"नको गं. तुझ्या काकांनी जाण्याआधी लिहिलेलं पुसलं जाईल."

"मजकूर वेगळा साठवलेला असतो, रूप वेगळं. तंबूवरचा लोकरीचा नमदा बदलला म्हणून आतली चूल विझते का?"

"शहाणी! अन् सांगाडाच मोडला तर?"

"म्हणून तर आधी सगळ्याची प्रत काढून ठेवलीय. दाब बटण."

"दाबलं... अगंबाई, आहे की! 'आमच्या घोड्याला साखर देऊ नका, चावतो.' जसंच्या तसं."

"आता तूही लिही."

"त्यांच्या खाली लिहिता येतं?"

"हवं तेवढं."

"मग दे इकडे. 'साखर रोज मी देते. अजून चावलेला नाही.'"