नऊ नंबरची खाट

...नाही, चार वाजल्याशिवाय आत सोडत नाहीत, मग तुम्ही प्रभूच्या नावाने आलेल्या असा नाहीतर मंत्र्याच्या. घंटा होईल तेव्हाच दार उघडणार, अजून वीस-पंचवीस मिनिटं आहेत. इथेच बसा, या चादरींच्या खोलीत — बाहेरच्या बाकावर बसलात तर नातेवाईक तुम्हाला डॉक्टर समजून रिपोर्ट दाखवत बसतील. त्या स्टुलावरचं गाठोडं खाली ठेवा. हं. आणि नुसत्याच बसणार असाल तर हे टोक धरा, घड्या घालायच्यात. दोन्ही हातांनी धरा हो. पिशवीत काय, वचनांच्या पत्रिका? किती? शंभर? बाई, या वॉर्डात खाटा चौदा. त्यातल्या चौघींना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मे घरी राहिलेत, दोघींना शुद्ध नाही, आणि बाकीच्या मागच्या आठवड्यातल्या पत्रिकेवर गोळ्या काढून ठेवतात. कागद चांगला जाड असतो तुमचा, त्याला मी नाव ठेवणार नाही.

आणि हे गळ्यात काय अडकवलंय — कार्ड? बघू. आज प्रार्थना केली, आज सेवा केली, आज कोणाला तरी सांगितलं. आणि पुढे तीन-तीन चौकोन, खूण करायला, महिनाभराचे. वा. आमच्या मुकादमाकडेही अस्संच कार्ड असतं — लादी पुसली, फिनेल टाकलं, कचरा नेला. खूण झाली की लादी स्वच्छ, मग भले पाय घसरून कोणी पडो. ही कोणाची कल्पना? पाळकसाहेबांची? मग बरोबर आहे. ते आले होते ना एकदा, दारातच उभे राहिले नाकाला रुमाल लावून, आणि चौदा खाटांसाठी एकच घाऊक प्रार्थना करून गेले, तीन मिनिटांत. माणूस वाईट नाही, वास सहन होत नाही काही जणांना. पण मग सेवेवर तासभर बोलू नये माणसाने. ओढा, ओढा जरा, सुरकुती राहिली तर हेड सिस्टर परत धुवायला लावते.

पहिलाच दिवस ना तुमचा? दिसतंय तोंडावर. मग ऐका, कार्डावर नाही ते सांगते. खाटेवर बसायचं नाही — तुम्हाला वाटतं आपुलकी, तिला टाके ओढतात. काय झालंय ते विचारायचं नाही, दिवसातून दहा जण विचारतात तिला. तुमच्या मावशीला हेच झालं होतं आणि ती कशी गेली ते तर अजिबात सांगायचं नाही — हसू नका, सांगतात, तुमच्यातल्याच सांगतात. डोळे मिटून मोठ्याने सुरू करायचं नाही, शेजारचीची डुलकी मोडते. आणि सगळ्यात मुख्य — बरं होणार म्हणून सांगायचं नाही. कोणाला नाही. तुम्हाला कितीही आतून वाटलं तरी नाही. आतून पुष्कळ वाटतं माणसाला. जेवण चुकलं तरी आतून वाटतं.

तुमच्या मंडळाच्या बायकांनी पाच नंबरला काय करून ठेवलं ते सांगितलं का तुम्हाला? ते कशाला सांगतील. मागच्या महिन्यातली गोष्ट. पाच नंबरला एक म्हातारी होती, गुडघ्याची, तिला एक्स-रेला नेलेलं. आणि तिची सून, दोन दिवस खुर्चीत बसून अवघडलेली, ती जरा आडवी झाली होती रिकाम्या खाटेवर. तुमच्या तिघी आल्या, फाईलवर वाचलं गुडघा, आणि धरले की त्या सुनेचे दोन्ही गुडघे. ती म्हणतेय, अहो, मी नाही — तर या म्हणतात, शंका आणू नका बाई, विश्वास ठेवा. वीस मिनिटं. तोंड म्हणून उघडू दिलं नाही तिला. शेवटी ती रडायला लागली — तिला काय, किती वर्षांत कोणी तिच्या डोक्यावर हात ठेवला नसेल — आणि आमेन झाल्याबरोबर उठली आणि तरातरा चालत सासूला आणायला गेली. चालणारच. तिच्या गुडघ्यांना काय धाड भरली होती? तर रविवारी उपासनेत साक्ष — जिला पाऊल उचलवत नव्हतं ती बाई आमच्या डोळ्यांदेखत उठली आणि चालू लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. माझी शेजारीण येते तुमच्याकडे, तिने सांगितलं मला, डोळे पुसत सांगितलं. मी तिला खरं काय ते सांगणार होते. मग म्हटलं जाऊ दे, तिचं तेवढंच एक सुख. म्हातारी मात्र अजून पाय ओढतेय.

मी? होते की. तुमच्याच मंडळीतली, त्याच चर्चमधली. आता जात नाही. बोलण्यावरून कळलं का? कळणारच, जीभ तीच आहे. तुम्ही शाळेत असाल तेव्हा महिला मंडळ मी चालवत होते, मी. तुम्हाला आज कार्ड दिलंय, मला कार्डाची गरज नव्हती. दूधवाल्याला सांगायची, शिंप्याला सांगायची, विजेचं मीटर बघायला माणूस आला तर त्याला बसवून पाणी द्यायची आणि दारात आडवी उभी राहून सांगायची — जाणार कुठे? नंतर मीटर न बघताच आकडा टाकून जायला लागला तो. पहाटे उठून तासभर गुडघ्यांवर. आमचे हे म्हणायचे, अगं, देवालाही जरा बोलू दे. मला राग यायचा. ते गेले तेव्हा कळलं किती कमी बोलायचे ते... दुसरी घ्या, ती फाटकी बाजूला टाका, तिची फडकी करतात.

एरवी मी एवढी बडबड करत नाही, खरं सांगते. म्हणजे करते, पण अनोळखी बाईला धरून नाही करत. चार दिवस झाले, वॉर्डात मुकी झालेय मी. तोंडावर हा मास्क आणि तोंडातून शब्द नाही. सिस्टरने हाक मारली तर मान हलवते, पेशंटने पाणी मागितलं तर देते आणि सरकते. सगळ्यांना वाटतं घसा बसलाय. म्हणून इथे तुमच्यावर सगळं येतंय, तुंबलेलं. का म्हणजे — नऊ नंबर माझा आवाज ओळखेल म्हणून.

माझी बहीण आहे. सख्खी. मोठी. चौदा वर्षं बोललो नाही आम्ही.

नाही, जमीनजुमल्यावरून नाही. तेवढं सरळ असतं तर कोर्टात मिटलं असतं. भावोजी आजारी पडले तेव्हाची गोष्ट. छापखान्यात होते, हातावर कायम शाई, आणि माणूस असा की माझ्या पत्रिका फुकट छापून द्यायचा आणि वर म्हणायचा, तुझ्या देवाला सांग, अक्षरं जरा मोठी कर, म्हाताऱ्यांना दिसत नाहीत. पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, बघू. डॉक्टर बघू म्हणाले की काय समजायचं ते आता मला कळतं, सतरा वर्षं झाली या वॉर्डात, तेव्हा नवी होते. मी काय केलं? एकवीस दिवसांची उपास-प्रार्थना लावली. सगळ्या मंडळीला कामाला लावलं, घरोघर वेळा वाटून दिल्या, कोणी चुकलं तर दारात जाऊन उभी. आणि दहाव्या दिवशी ताईला सांगितलं — ताई, प्रभूने मला सांगितलंय, ते उठणार. असं. तारीख सांगावी तसं. ती माझ्यासारखी नव्हती हो, ती रविवारी यायची, मागे बसायची, गाणं म्हणायची, घरी जायची. पण तिने धरलं ते. भावोजींचे बूट पॉलिश करून दाराशी ठेवले तिने. घरी येताना लागतील म्हणून.

एकोणिसाव्या दिवशी गेले.

लोक जमले, माती झाली, सगळे घरी आले. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. ताई आली मागून. रडत नव्हती. म्हणाली, तू तर म्हणाली होतीस. एवढंच. भांडायला नाही आली ती, बाई, विचारायला आली. मोठी असून लहानपणी मला विचारायची तशी, तू तर म्हणाली होतीस आई आज लवकर येईल. आणि मी — हातात गाळणी — मी म्हटलं, ताई, तुझा विश्वास कुठेतरी कमी पडला असेल.

असेल म्हटलं. जसं काही त्या असेलने काही बरं होणार होतं.

आणि तुम्हाला वाटेल देवाची बाजू घ्यायला म्हटलं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. त्याची नव्हती बाजू, माझी होती. सगळ्या मंडळीत मी सांगून बसले होते, आता माझा शब्द खोटा पडत होता, तर कोणाचं तरी चुकायला हवं होतं. देवाचं म्हणायची हिंमत नाही, माझं म्हणायची लाज. समोर तीच उभी होती. ताईने बशी ठेवली खाली, आवाज न करता ठेवली, आणि खोलीत जाऊन दार लावलं. तिसऱ्या दिवशी मी गेले तर उघडलं नाही. महिन्याने गेले. मग नाही गेले. पुढे मंडळीत जाणंही सुटलं. समोरच्याला काही सांगायला तोंड उघडलं की तो चहाचा वास यायचा मला.

काय पुटपुटते? आत्ता? काही नाही. सवय आहे, चादर हातात आली की ओठ हलतात. सकाळी खाटा बदलताना म्हणते काहीतरी. प्रार्थना वगैरे नाही, प्रभूचं नावही घेत नाही, सिस्टर ड्युटी बदलताना एकमेकींना सांगतात ना, तसं — एक नंबरचे आज टाके काढणार, बघ. दोन नंबरचा मुलगा येतो म्हणून आला नाही, सांभाळ. सहा नंबर खाऊन थुंकते, तूच बघ आता. असं चौदापर्यंत. सतरा वर्षं. एक दिवस चुकला नसेल, रजेवर असले तर घरची चादर झटकताना म्हणते. पण मागत नाही मी काही. सांगते फक्त. मागायचं सोडून दिलंय. आणि या चार दिवसांत आठवरून थेट दहावर जाते. नऊची खाटसुद्धा दुसऱ्या आयाला करायला लावते, बदल्यात तिचे संडास धुते. ती म्हणते, तुला वेड लागलंय का.

उद्या सकाळी आठला घेणार आहेत तिला टेबलावर. डॉक्टर काय म्हणाले? बघू म्हणाले.

मुलगा लांब आहे, त्याला रजा नाही, ऑपरेशन झाल्यावर येतो म्हणाला. कोणी येत नाही तिच्याकडे. चार वाजता सगळ्या खाटांशी माणसं बसतात आणि ती भिंतीकडे तोंड करून पडते, झोपेचं सोंग घेते. सोंगच. लहानपणी एका अंथरुणात झोपलोय आम्ही, खरी झोपली की तिचं तोंड उघडं असतं.

तुम्ही? तुम्ही काय सांगणार तिला? माझ्या वतीने. वा, एवढं ऐकलंत आणि हेच सुचलं. काय म्हणाल — हां, म्हणा की ते वाक्य जिने म्हटलं तिला माहीत होतं ते खोटं आहे. म्हणताना माहीत होतं. म्हणा की तुमचा विश्वास काही कमी पडला नव्हता, बूट पॉलिश करून ठेवणाऱ्या बाईचा विश्वास कमी कसा असेल, कमी होता तो... नको. नको, काही म्हणू नका. चौदा वर्षं तिला एका परक्या बाईच्या तोंडून पोचायची वाट बघत होते काय मी? हेच करत आले जन्मभर, दुसऱ्याचं दुसऱ्याला सांगत. दूधवाल्याला सांगितलं, शिंप्याला सांगितलं. तिच्या खाटेपासून चाळीस पावलांवर बसून तुम्हाला सांगतेय. तुम्हाला, जिचं मला नावही माहीत नाही. शरम वाटते मला.

घंटा झाली. द्या ती चादर इकडे. उठा — नाही, वॉर्डाकडे नाही, जिन्याकडे. घरी जा तुम्ही. आज नका येऊ आत. उद्या या, परवा या, पत्रिका वाटा, डोक्यावर हात ठेवा, कोणाच्या ते बघून ठेवा म्हणजे झालं. आज नाही. राग आला तर येऊ द्या. मला काय बोलायचं ते सुचलेलं नाही अजून, माझं चुकलं एवढंच येतंय तोंडात, आणि बरं होईल असं मी म्हणणार नाही, तोंड फिरवलं तिने तर तिच्या पाठीशी बोलेन. हाकलून दिलं तर दारात उभी राहीन. दारात उभं राहायची मला सवय आहे. अहो, बघत काय बसलाय, सरका वाटेतून. भेटीची वेळ एकच तास असते.