उजव्या बाजूचे पट्टे

जबाब, सोमवार, ११ ऑगस्ट, सकाळी ८.२०

नाव: लायनस जोसेफ थीमन. वय: ७० वर्षे. धंदा: शेती (मका, सोयाबीन). राहणार: ओल्ड मिल रोड, सेंट हर्मन, ओहायो. घरात राहणारी माणसे: एक.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी जन्मापासून राहतो. माझी बायको मार्लीन ९ मार्चला वारली. मूलबाळ नाही. मला कोणी बोलावलेले नाही, मी आपणहून शेरिफ कचेरीत आलो आहे. डेप्युटी फेल्डकॅम्प मला म्हणाले, "लायनस, तुमच्या पुतण्यानं काल सगळं सांगितलंय. तुम्ही कशाला एवढ्या सकाळी तसदी घेतलीत?" त्याने सांगितले ते खरे नाही, म्हणून आलो.

आमचा ट्रॅक्टर ओढीच्या शर्यतीचा आहे. त्याचे नाव 'मिसाला उशीर'. ते मार्लीनने ठेवले, कारण शनिवारी शर्यत झाली की रविवारी चर्चमधल्या मिसाला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला, आम्ही उशिरा पोचून शेवटच्या बाकावर. शेतात हे इंजिन दीडशे अश्वशक्तीचे काम करायचे. आता चार टर्बो लावून ते साडेतीन हजारांच्या वर जाते. मागे वजनाची गाडी जोडतात आणि ट्रॅक्टर जसा पुढे जाईल तसे तिचे ओझे वाढत जाते. तीनशे फूट नेली की पूर्ण ओढ. ही सगळी ताकद चालकाच्या पायांजवळच्या क्लचमधून जाते. क्लच फुटला तर तुकडे गोळीसारखे सुटतात, म्हणून त्याच्याभोवती बंदुकीच्या गोळीलाही दाद न देणाऱ्या कापडाचे जाड आवरण गुंडाळतात. आम्ही त्याला गोधडी म्हणतो. ती डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन पट्ट्यांनी आवळायची असते.

एकतीस वर्षे डावी बाजू माझी आणि उजवी मार्लीनची. आमचा ट्रॅक्टर माझ्या भावाचा मुलगा डॅरेन थीमन, वय ४२, चालवतो. हेल्मेट चढवल्यावर त्याला काही ऐकू येत नाही. म्हणून मी डाव्या मडगार्डवर दोन थापा मारायच्या, म्हणजे दोन्ही बाजू झाल्या असे त्याने समजायचे. मार्लीनचा हात माझ्यापेक्षा चलाख. ती नेहमी माझ्या आधी आवरून सुरक्षेच्या दोरीपलीकडे जाऊन उभी राहायची, त्यामुळे तिची बाजू मी कधी वळून पाहिली नाही. पाहिली असती तर तिला राग आला असता.

या उन्हाळ्यात मी एकाही शर्यतीला गेलो नव्हतो. गुरुवारी डॅरेन घरी आला आणि म्हणाला, "काका, ट्रॅक्टर शेडमध्ये गंजतोय आणि तुम्ही स्वयंपाकघरात. उठा आता." शनिवारी सकाळी शेडमध्ये त्यानेच गोधडी दोन्हीकडून बांधली. दुपारी जत्रेच्या मैदानावर तपासनिसांनी ती पाहून पसंत केली.

मैदानावर ओळखीची माणसे आली, मार्लीनबद्दल वाईट वाटल्याचे बोलली आणि आपापल्या ट्रॅक्टरकडे गेली. मी ट्रेलरमधून खुर्च्या काढून मांडल्या. दोन मांडल्या. दुसरीवर कोणी बसले नाही.

चिठ्ठीत आमचा पहिला नंबर निघाला. पहिल्याच्या ओढीवरून गाडीचे वजन ठरवतात, म्हणून त्याला ती ओढ सोडून शेवटी पुन्हा यायची मुभा असते. ३ वाजून १० मिनिटांनी आम्ही २८१ फूट गेलो आणि ती ओढ सोडली. परत आल्यावर डॅरेन म्हणाला, "काका, क्लच घसरतोय. लोण्यावर पाय दिल्यासारखं वाटलं."

मी म्हणालो, "क्लचवरची वजनं वाढवतो."

"जरा बेतानं वाढवा. पाय अजून लागतात मला."

हे तो दर वेळी म्हणतो. मी गोधडी दोन्ही बाजूंनी सोडली आणि क्लच दाबून धरणाऱ्या लोखंडी बोटांवर आणखी वजने चढवली. ४ वाजून २५ मिनिटांनी गोधडी पुन्हा घातली. डावीकडचे दोन्ही पट्टे आवळले, ओढून पाहिले आणि मडगार्डवर दोन थापा मारल्या. डॅरेनने अंगठा वर केला. मी दोरीपलीकडे जाऊन उभा राहिलो आणि शेजारी जागा सोडली.

४ वाजून ३१ मिनिटांनी, दोनशे फुटांच्या आसपास, क्लच फुटला. मला तो पायाखालच्या जमिनीत जाणवला. वजनाच्या गाडीवरच्या माणसाने इंजिन तोडायचा दोर ओढून ते बंद केले. तुकडे सगळे उजवीकडून बाहेर पडले होते. गोधडी डावीकडे जागच्या जागी होती. डॅरेन म्हणाला, "काका, बूट काढा ना माझा, फार घट्ट झालाय." मी काढला नाही. रविवारी पहाटे त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

रविवारी अकरा वाजता मी रुग्णालयात गेलो. डॅरेनने त्याच्या बायकोला कॉफी आणायला बाहेर पाठवले आणि मला म्हणाला, "मी सांगितलंय, पट्टा तुटला म्हणून. तुम्हीही तेच सांगा."

मी म्हणालो, "तुटला नाही. मी बांधलाच नाही."

"ते आपल्या दोघांना माहीत आहे. पट्ट्यांच्या चिंध्या झाल्यात, बांधले होते की नव्हते हे आता कोण सांगणार? खरं सांगितलंत तर शर्यतीची संघटना तुम्हाला पुन्हा ट्रॅक्टरजवळ उभं करणार नाही. मग शनिवारी काय करणार? घरी बसून घड्याळ बघणार?"

"तुझा पाय गेलाय, डॅरेन."

"माझा गेलाय, मला माहितीय. तुमचं काय काय जायचं राहिलंय, ते बघतोय मी."

त्याचे म्हणणे खोटे नाही. त्या मैदानाबाहेर मला नावाने हाक मारणारी माणसे फार उरलेली नाहीत. मी त्याला हो म्हणून घरी आलो.

तरी आज आलो याचे कारण असे की, ते चारही पट्टे तीन वर्षांपूर्वी मार्लीनने खोगीर शिवायच्या मशीनवर नव्याने शिवले होते. पट्टा तुटला असे लिहिले गेले तर तिची शिवण उसवली असे होईल. तिची शिवण कधी उसवली नाही. ते मी कागदावर राहू देणार नाही.

डेप्युटींनी विचारले, "दोन थापा मारताना उजवी बाजू बांधलेली नाही, हे तुम्हाला माहीत होतं का?" नव्हते. त्यांनी विचारले, "मग ती कोण बांधणार होतं?" मी मार्लीनचे नाव सांगितले.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'उजवीकडचे पट्टे बांधायला विसरलो' असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'बायको गेल्याचे विसरलो' असे केले आहे व शेजारी माझी सही आहे. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे.

लायनस जे. थीमन