येडक्क

नाही, मला सांगा, अर्ध्या सेकंदात माणसानं करायचं तरी काय? शिंकसुद्धा पुरी होत नाही हो! आणि आमची नीलम, तिसरीतली पोर, मला म्हणते, "मम्मी, तू लई स्लो हैस." मी स्लो नाही! तुम्हाला सांगते, बी.एस्सी. झालेय मी. गॅसवर दूध, कडेवर पोर, कानाला फोन... स्लो असते तर सासूबाईंच्या हाताखाली इथं सीमाभागात, अनगोळात टिकले असते का? (टिकलेय की नाही, ते त्याच सांगतील.)

तर तो गेम. गेम कसला, कार्टूनचा पिक्चरच! राजपुत्र दरीवरच्या पुलावरून आपला आपण पळतोय, मागं राक्षस, मधेच बाण चमकतो, डावा नाहीतर उजवा. त्या बाजूला अर्ध्या सेकंदात बोट दाबायचं. चुकलात की राजपुत्र दरीत, परत पहिल्यापासून. पोरीचे डोळे जातील, डोकं फिरेल... म्हटलं, मोबाईलमधून काढूनच टाकते. तर ही म्हणते कशी, आधी तू पूल पार करून दाखव, मग काढ. आता आईनं माघार घ्यायची?

बसले. बाण दिसायचा, मी विचार करायची, हा माझा डावा की त्याचा डावा... तोवर राजपुत्र खाली. मारला हो, परत परत मारला! तेवढ्यात शेजारची मंजुश्री विरजण मागायला आली, माझ्या मागं उभी राहिली आणि एकदम ओरडली, "येडक्क! येडक्क!"

कन्नड येतं मला. येडक्क म्हणजे डावीकडं, एवढं कळतं. पण अर्ध्या सेकंदात मराठीच आधी पोचते! रोज अक्का अक्का करणारी बाई मला येडी अक्का म्हणते? गर्रकन वळले, "येडी कुणाला गं?" राजपुत्र दरीत.

तिनं हसत हसत समजावलं. मी मनात घोकलं, येडं म्हणजे डावं, येडं म्हणजे डावं. परत पूल. डावा बाण चमकायला आणि स्वयंपाकघरातून सासूबाई पुटपुटायला एकच गाठ, "पोरीसंगं खेळत बसलीया, येडी."

बोट डावीकडं. पूल पार!

स्लो नाही मी! म्हटलं, चला, आता काढते गेम. मोबाईलनं विचारलं, खरंच काढू? डावीकडं 'नको', उजवीकडं 'हो'. बोट उजवीकडं नेलं... आणि नीलम रडवेली होऊन म्हणाली, "मम्मी, येडी हैस काय?"

काय सांगू... गेलं बोट डावीकडं. अर्धा सेकंदसुद्धा लागला नाही. आता म्हणा स्लो.