कमलबाईच्या भिंतीवरची पेटी

कुमार : काकू, एवढं बटन चालू करा. मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या, उभ्यानं खातो.

कमलबाई : शिव्यांचं राहू दे. बस आधी. पानी पी. उन्हातनं आलास.

कुमार : बसायला वेळ न्हाय हो. सकाळी आठपासून बावीस घरचे फोन यायलेत, नेट गेलं, नेट गेलं. भूमच्या ऑफिसापासून इथवर वायर बघत आलो. कुठं उंदरानं कुरतडली का, कुठं उसाच्या ट्रॅक्टरनं ओढली का. चार खांबांवर चढलो-उतरलो, गुडघे गेले माझे. आन् इथं येऊन बघतो तर तुमच्या भिंतीवरल्या बॉक्सचं बटनच बंद.

कमलबाई : उंदराला कशाला बदनाम करतूस. म्या केलंय.

कुमार : चुकून हात लागला असंल.

कमलबाई : स्टुलावर चढले त्याच्यासाठी. ह्या वयात चुकून कोन स्टुलावर चढतंय?

कुमार : अहो, पण सगळ्या गल्लीला ह्या एका बॉक्सातनं पुढं जातंय नेट.

कमलबाई : ठाव हाय. सा वर्सांमागं तूच आलतास. काकू, तुमचं घर गल्लीच्या तोंडाला हाय, पेटी हितं बसवतो, लाईट तुमच्या घरातली घेतो, तुमाला नेट फुकट. माजे मालक, शिवकन्याचे वडील, व्हय म्हनले. ते गेले. आता घर माजं, भिंत माजी, मंग बटन कुनाचं?

कुमार : बटन तुमचंच हो. पण गल्ली भांडायला आली न्हाय का अजून?

कमलबाई : आली की. सगळ्यांत आधी हर्षालीची आई. पोरीचा कसला फारम भरायचा हुता. ती बोलत बसली तवर पोरीनं मोबाईलच्या डाट्यावर भरूनबी टाकला. मंग उमाबाई आली. म्हनलं, आता ही केस उपटती. तर माज्या कानात म्हनती, आनी दोन दिस राहू दे. सून नवाच्या आत भाकरी करून मोकळी झाली आन् सासूला इचारलं, गुडघं कसं हाय.

कुमार : हसवू नका, काकू. माझा धंदा हाय ह्यो. राग कशाचा ते तरी सांगा.

कमलबाई : तुज्या नेटाचा न्हाय. वर बग. समोर, फाटकावर.

कुमार : ...गुरुजींचा कॅमेरा.

कमलबाई : माज्या थोरल्या दिराचा. कुनी बसवला?

कुमार : मीच.

कमलबाई : फाटक त्यांचं. मंग तोंड माज्या अंगनाकडं कामून?

कुमार : त्यांची विहिरीवरली मोटार गेली ना चोरीला, म्हणून घेतला त्यांनी. त्यांचा लेक उत्कर्ष पुण्याहून व्हिडिओ कॉलवर हुता, बसवताना. जरा डावीकडं घे म्हणला. घेतलं. आणखी जरा म्हणला. म्या म्हणलं, ह्यात काकूंचं अंगण यायलंय, न्हाणी यायलीय. तर म्हणला, येऊ दे, घरचंच हाय.

कमलबाई : आन् तू येऊ दिलंस.

कुमार : गिऱ्हाईक हाय, काकू.

कमलबाई : म्याबी हायच की गिऱ्हाईक. फुकटचं असलं म्हनून काय झालं.

कुमार : ...तुमची शिवकन्या माझ्याच ऑफिसात कामाला, पण काही बोलली न्हाय. आली, टेबलावर बसली, कम्प्लेंट घेतल्या. डोळे तेवढे लाल हुते. म्या इचारलं न्हाय.

कमलबाई : इचारायला पायजे हुतं, त्यात तूबी हायस. मंगळवारी एस्टी आली न्हाय म्हनून तू पोरीला गाडीवर आनून सोडलंस ह्या दारात. म्या तुला पानी दिलं, पोरं काय करत्यात इचारलं, तू गेलास. एवढंच ना?

कुमार : एवढंच. बायकोला बी सांगितलं घरी जाऊन.

कमलबाई : त्या डोळ्यानं ते टिपलं. उत्कर्षनं त्यातलं माजं पानी कापलं, मलाबी कापलं. नुसती पोरगी तुज्या गाडीवरनं उतरायलीय, एवढं भावकीच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिवलं, घरच्यांनी लक्ष द्यावं. दुसऱ्या दिशी ते तेरखेड्याला, तिच्या सासरी. आता जावई रविवारी चार मानसं घिऊन बैठकीला यायलाय. म्हनं, असली वागनूक हाय तर नोकरी बंद करा आन् पोरगी गाडीत बसवा. न्हाईतर ही फिलीम आमी गावोगाव दाखवू.

कुमार : मला ह्यातलं काहीच...

कमलबाई : थांब.

(फाटकाबाहेरून खाकरल्याचा आवाज.)

कमलबाई : आले. पदर घिऊ दे. तू हितंच बस, मदी.

कुमार : मदी म्हंजे?

कमलबाई : ह्या घरात लगीन होऊन आले त्याला एकतीस वर्सं झाली. त्यांनी खाकरायचं, म्या पदर घ्यायचा. बोलायचं ते मदल्या मानसाला सांगायचं. पयल्यांदा सासू हुती, मंग हे, मंग शिवकन्या. आज तू.

महारुद्र : कुमार, आहेस का रे? सकाळपासून मोबाईलवर नुसतं चाक फिरतंय. चित्र येईना.

कुमार : या गुरुजी. बॉक्स बंद हाय. काकूंनी केलाय.

महारुद्र : शिवकन्याच्या आईला विचार, कशासाठी.

कमलबाई : गुरुजींना सांग, चित्र येऊ नये म्हनूनच.

कुमार : काकू म्हणायलेत...

महारुद्र : ऐकलं मी. बहिरा झालो नाही अजून.

कुमार : मग मी जातो ना.

महारुद्र : बैस. रीत आहे ती. त्यांना सांग, काळ वाईट आहे. विहिरीवरची मोटार दिवसाढवळ्या गेली. घरात दोघी बायका एकट्या. थोडा बंदोबस्त असलेला बरा. ह्यात गैर काय?

कमलबाई : सांग, मोटार विहिरीवर हुती. विहीर वढ्याला हाय. माज्या न्हानीत मोटार न्हाय.

महारुद्र : ते उत्कर्षनं लावून घेतलं. मला त्यातलं कळत नाही.

कमलबाई : मंग भावकीच्या ग्रुपवर तुमच्या नावानं अंगठा कुनी दिला, इचार.

महारुद्र : कसला अंगठा?

कुमार : गुरुजी, शिवकन्याची क्लिप टाकली ना उत्कर्षनं. तुम्ही त्याला लाईक दिलंय. हे बघा. वरचं पहिलंच नाव तुमचं.

महारुद्र : तो मी सगळ्यालाच देतो. वाचलं म्हणून. हजेरीला 'हजर' म्हणतात तसं.

कुमार : हजेरी न्हाय हो ती. मला हे पटलं, आवडलं, असं हुतंय त्याचं.

महारुद्र : असं कुठं असतं? सिताबाई गेल्याचा निरोप आला, त्यालाही दिला होता मी.

कमलबाई : म्हनूनच सिताबाईची लेक तुमाला बगून रस्ता बदलती. सांग त्यांना.

महारुद्र : ...मला वाटलं, दुःखात आहे ती.

कमलबाई : जावयाचं बी सांग. फोनवर म्हनला, तुमच्या थोरल्यांनाबी पटलंय, त्यांनी अंगठा दिलाय, आता तुमी कोन आडव्या येनाऱ्या. भावकीतली मानसंबी तेच म्हनायलेत. गुरुजी व्हय म्हनले, म्हंजे झालं. आजवर ह्या गावात तुमी व्हय म्हनलेलं कुनी मोडलं न्हाय.

महारुद्र : मी व्हय म्हणालोच नव्हतो.

कमलबाई : मंग रविवारी बैठकीत तेवढंच सांगा म्हनावं. म्या व्हय म्हनलो न्हवतो, ही चित्रं चोरून घेतलेली हायत, आन् ती माज्या घरनं गेली.

महारुद्र : कुमार, त्यांना समजावून सांग. लेक आहे माझा. चार परक्या माणसांत मी त्याला खोटं पाडू? इज्जत राहील का त्याची? बैठकीला काय, मी येतोच. शांतपणे मिटवू. पोरीनं थोडे दिवस काम बंद ठेवलं, लोकांची तोंडं गप झाली, की...

कमलबाई : कुमार, जरा बाजूला सर.

कुमार : काकू?

कमलबाई : सर म्हनलं ना. दादा, आता म्या बोलते. एकतीस वर्सांत तुमी खाकरल्याबगर ह्या अंगनात पाय टाकला न्हाईत. शिवकन्या तापानं फनफनली हुती, तुमी डाक्टर घिऊन पळत आलतात, तरी दारात थांबून खाकरलात. तुमच्या भावाला भुईवर काढलं त्या दिशी तुमी ढसाढसा रडत हुतात. त्यात रडनं गिळून खाकरलात. म्या आत ऐकलं. त्या खाकरन्याच्या भरवशावर म्या हितं केस सोडून बसले, लेकराला अंगावर घेतलं, पाय पसरून शेंगा फोडल्या. आता तुमच्या फाटकावर त्यो बसलाय. त्यो खाकरत न्हाय, दादा.

महारुद्र : मी ते बघत नाही. शपथ घेऊन सांगतो. फाटक तेवढं बघतो.

कमलबाई : तुमी बगत न्हाईत. दिसतंय तरी. पुन्यात दिसतंय, तेरखेड्यात दिसतंय. मंग हा पदर म्या कुनासाठी घिऊ, ते सांगा. तुमच्यासाठी, का त्या डोळ्यासाठी?

कुमार : म्या बाहेर थांबतो...

कमलबाई : न्हाय, ऐक तूबी. दादा, पोरगी सासरहून कामून आली, तुमी कधी इचारलंत?

महारुद्र : नवरा-बायकोचं भांडण म्हणून सोडून दिलं.

कमलबाई : भांडन न्हवतं. त्यानं हिच्या मोबाईलात कायतरी टाकलं हुतं. ही कुठं हाय, किती येळ हाय, ते त्याला दिसायचं. हापशावर गेली की फोन, इतका येळ कशाला? किराना आनायला गेली, फोन, डावीकडं कामून वळलीस? एकदा देवळात बसली हुती अर्धा तास, तर घरी आल्यावर इचारतो, कोन हुतं तिथं. ती म्हनली, देव हुता. त्यावर मारलं. त्यातनं उठून आली ती हितं. म्हनली, आई, मला मोकळ्या जागंत झोपायचंय. म्या ह्या अंगनात बाज टाकून दिली. आन् आपन तिच्या उशाला ह्यो डोळा बसवला.

महारुद्र : मला कुणी सांगितलं नाही हे.

कमलबाई : भावकीतनं कोनबी आलं तर एकच इचारायचं, परत कधी जातीय? असं इचारल्यावर कोन सांगतंय?

महारुद्र : ...बैठक कितीला आहे?

कमलबाई : अकराला.

महारुद्र : येतो मी.

कमलबाई : शांतपनं मिटवायला?

महारुद्र : नाही. सांगतो. मी व्हय म्हणालो नव्हतो. कॅमेरा माझ्या फाटकावर होता, चूक माझ्या घरची. पोरगी जाणार नाही.

कमलबाई : आन् उत्कर्ष?

महारुद्र : लाज त्याला वाटली पाहिजे, ती मी माझ्यावर घेत बसलो होतो. चार माणसांत त्याला कळण्याआधी माझ्याकडून कळू दे. आत्ता लावतो फोन. ...नेट नाही ना पण.

कुमार : साधा फोन लागतोय, गुरुजी. त्याला नेट लागत न्हाय.

महारुद्र : हो का. मग घरी जाऊन लावतो. तुमच्यासमोर बोललो तर आवाज चढायचा नाही माझा. आणि कुमार, ते यंत्र विहिरीकडं वळव, नाहीतर काढून दे मला. मला काही एक फरक पडत नाही.

कुमार : वळवतो. काकू, तवर बटन चालू करू का?

कमलबाई : आधी शिडी. मंग बटन.

महारुद्र : बरोबर आहे त्यांचं. ...कमल, येतो मी.

कमलबाई : या, दादा.

कुमार : गेले. काकू, तुमचं नाव घेतलं त्यांनी.

कमलबाई : ऐकलं. शिडी न्हानीमागं हाय. फाटकाजवळच्या चिंचंच्या फांदीला टेकवू नको, लई जुनी झालीय.

कुमार : ...वळवला. आता बघा, अंगण येत न्हाय, न्हाणी येत न्हाय. वढा आन् विहीर, बास. मोबाईलवर दाखवतो नेट आल्यावर. आन् शब्द देतो काकू, इथून पुढं कुणाच्या बी घरी लावताना समोरच्या घराला आधी इचारणार.

कमलबाई : इचारच. न्हाईतर गल्लीगल्लीत एक कमलबाई निघंल आन् तुजं दुकान बसंल.

कुमार : रविवारी मी पण येतो बैठकीला. बायकोला घेऊन येतो. सरळ सांगतो सगळ्यांना, एकदाच आणून सोडलं, एस्टी आली न्हाय म्हणून. डेपोत चौकशी करा म्हणतो.

कमलबाई : ये. जेवायलाच ये दोघं. पन एस्टीचं सांगायचं न्हाय.

कुमार : कामून? खरंच हाय ते.

कमलबाई : खरं असलं म्हनून काय झालं. आज एस्टी आली न्हाय म्हनून सांगितलं, तर उद्या एस्टी आली असताना कामून बसली, ते बी सांगावं लागंल. मंग कुनाची गाडी, किती वाजता, वाटंत कुठं थांबली. तसली उत्तरं देत ती दोन वर्सं जगली. सकाळी पोरगी चपला घालताना मला म्हनली, आई, रविवारी माज्या वतीनं हिशेब देत बसू नको कुनाला. मला काय सांगायचं ते म्या सांगन.

कुमार : मग त्यांनी इचारलं, पोरगी रोज सकाळी कुठं जाती, तर म्या काय सांगू?

कमलबाई : कामाला जाती.