पप्पांचा इंडिकेटर

आमच्या पप्पांची गंमत सांगतो. गिरीज गावाच्या वळणावर एका गाडीने मागून ठोकलं, तेव्हापासून त्यांनी बाईक सोडली होती. रविवारी चर्चमध्ये मिस्सालाही रिक्षाने जायचे. म्हणायचे, "माझा लाल दिवा दिसतो कुणाला?" शेवटी मी ब्रेक लाईट आणि मागचे इंडिकेटर, दोन्ही एलईडी करून आणले. परवा पप्पांनी बटण दाबलं, तर इंडिकेटर अंगात आल्यासारखा भराभर लुकलुकायला लागला.

मी म्हटलं, "थांबा, एलईडीला करंट कमी लागतो ना, म्हणून असं होतंय. दिवा लुकलुकवणारा फ्लॅशर बदलून आणतो."

पप्पांनी हेल्मेट चढवलं, किक मारली.

"राहू दे रे. वीसच्या वर मी कधी जात नाही. मागच्याला तेवढंच वाटेल, म्हातारा घाईत आहे!"