गवतात लपलेला प्रफुल्ल

गंगापूर रोडला दातांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. शेजारी एक मुलगा आणि एक मुलगी आपापल्या मोबाईलवर एकच गेम खेळत होते.

"प्रफुल्ल, केव्हाचा गवतात पालथा पडलायस. एक गोळी तरी मार."

"संजना, याला डोकं म्हणतात. बाकीचे आपापसात मरतात, शेवटी मी उरतो."

"मी चौघांना उडवलं."

"आणि स्वतःही मेलीस."

"मजा तर आली! तू गेम खेळतोस की शेत राखतोस?"

"चूक गेम बनवणाऱ्यांची आहे. मैदानाचं ते वर्तुळ लहान-लहान कशाला करत आणायचं? शांत पडलेल्या माणसाला उगाच उठवतात."

"नाहीतर तुझ्यासारखे दिवाळीपर्यंत लोळतील. बरं, आपलं घरी कधी सांगणार आहेस?"

"अप्पा रेल्वेतून रिटायर होऊ देत. मग मूड बघून सांगतो."

"मागच्या वर्षी ताईचं लग्न होऊ दे म्हणालास."

"घाई केली की माणूस मरतो, संजना."

"म्हणून सकाळी मीच मनमाडला काकूंना फोन लावला. सगळं सांगून टाकलं."

"आईला? अगं, अप्पा घरी असतील!"

"होते ना. दुपारच्या गाडीने दोघंही येतायत. ऊठ आता गवतातून."