जुनी डिस्क

बाबांचा लॅपटॉप मांडीवर घेऊन मी चारबागच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसले होते. शेजारी लष्करी छावणीतलं एक मराठी जोडपं होतं.

“मॅडम, नई एसएसडी में विंडोज़ डाल दिया. अब पुरानी डिस्क दीजिए, डेटा कॉपी कर दूँ.” दुकानदार त्या बाईंना म्हणाला.

“अहो, द्या ना डिस्क.”

“ती मी काल हातोड्यानं फोडली, सरला.”

“फोडली?”

“युनिटमध्ये काढलेली डिस्क आम्ही फोडूनच टाकतो. मला वाटलं, सगळं नव्यात आलंय.”

“आई गेली, तिचा आवाज तेवढा त्यात होता. दुसरीकडे कुठेच नाही.”

“भैया, टुकड़ों से कुछ निकलेगा?”

“नहीं, साहब.”

“सरला, अगं, आईंचा आवाज आपल्याला आठवतो की.”

“तुम्हाला आठवत असेल. मला आठवेनासा झाला, म्हणून तर रोज ऐकत होते.”